एक थेंब वरच्या मजल्यासाठी

कौशल्याबाईंनी हिंगणघाटच्या शाळेत तेहेतीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला. बाराखडी न येता एकही पोर माझ्या हातून दुसरीत गेलं नाही, असं त्या स्वतःच सांगतात, आणि ते खरंही आहे. पण घरातल्या पिवळ्या पक्ष्यानं त्यांना दोन वर्षांत एक शब्द दिला नाही.

पक्षी म्हणजे बजी. गावात सगळे त्याला लव्हबर्ड म्हणतात. नाव हळद्या. रोज सकाळी पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बाई बसायच्या.

"बोल, राम राम. रा-म, रा-म."

हळद्या मान वाकडी करून ऐकायचा आणि पुन्हा दाणे फोडायला लागायचा.

मादी मरण्याआधी झालेलं त्याचंच एक निळं पिल्लू बाईंनी वरच्या मजल्यावरच्या धाकट्या जावेला दिलं होतं. अन्नपूर्णानं त्याला काही शिकवलं नाही. ती पोळ्या लाटता लाटता दारात येईल त्याला "या, बसा, बसा" म्हणायची. चार महिन्यांत निळू म्हणायला लागला, "बसा, बसा!"

झालं. भाजीवाली वर, शेजारीण वर, नागपूरचे पाहुणे आल्या आल्या मोबाईल काढून वर. एक दिवस बाईंचे यजमान प्रभाकरराव चहाचा कप घेऊन जिन्याकडे निघाले.

"कुठी चालले?"

"वर. निळू काय म्हणते पाहून येतो."

"खाली बी एक पक्षी आहे म्हटलं."

"तो काही बोलते का?"

बाईंनी त्या दिवशी हळद्यासमोरची खुर्ची उचलली ती पुन्हा टाकली नाही.

उन्हाळ्यात दुपारी दोन्ही पिंजरे खाली कूलरच्या खोलीत शेजारीशेजारी असत. बाप-लेक जाळीतून एकमेकांच्या चोचीला चोच घासत बसायचे. एप्रिलात हळद्याच्या चोचीच्या कडेला चुन्यासारखा पांढरा थर दिसायला लागला, त्यात बारीक बारीक भोकं. चार दिवसांत तो डोळ्यांच्या कडेपर्यंत गेला. बाईंनी पिंजऱ्यावर ओढणी टाकली आणि रिक्षानं जनावरांचा दवाखाना गाठला.

"खरजेचे किडे आहेत," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांना दिसत नाहीत, पण चोच पोखरतात." त्यांनी हळद्याच्या मानेवरची पिसं फुंकून बाजूला केली आणि उघड्या कातडीवर औषधाचा एकच थेंब टाकला. "ही बाटली घरी न्या, दोन आठवड्यांनी पुन्हा. असाच, एकच. जास्त झालं तर जीव जाईल. पिंजऱ्यातल्या लाकडी दांड्या फेकून द्या. घरात अजून पक्षी आहेत का? असतील तर सगळ्यांना एकाच दिवशी द्यावं लागतं."

"नाई," बाई म्हणाल्या.

रिक्षात बसल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज पुन्हा ऐकू आला. पण रिक्षा वळवायला त्यांनी सांगितलं नाही. चढू दे थोडं त्याच्याही चोचीवर. आठ दिवस तरी वरचं तोंड बंद राहील.

घरी येऊन त्यांनी हळद्याचा पिंजरा मागच्या कोठीत नेला. पत्र्याचं छप्पर, आत भट्टी. बाई ओलं पोतं खिडकीला बांधून दुपारभर त्याच्याजवळ बसत, हातात पंखा.

"काऊन वो बाई, कूलर सोडून कोठीत?" अन्नपूर्णानं विचारलं.

"त्याले कूलरची हवा सोसत नाई."

"निळूले तं सोसते."

"तुह्यावाला हुशार आहे ना!"

अन्नपूर्णा हसली. तिला टोमणे कळतच नसत, याचाही बाईंना राग होता.

दुसरा थेंब बाईंनी स्वतः टाकला. मे लागला तेव्हा हळद्याची चोच नव्या नखासारखी स्वच्छ झाली होती. त्याच आठवड्यात प्रभाकरराव भरलेला कप घेऊनच खाली आले.

"बोल्लाच नाही आज. फुगून बसून राह्यला."

बाईंनी त्या दिवशी कैरीचं पन्हं केलं आणि गूळ सैल हातानं टाकला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी अन्नपूर्णा धावत जिना उतरली. पदरात निळू. पिसं चिकटून एवढासा झालेला, चोच उघडी, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत होती.

"बाई, पाहा ना वो, याले काय झालं!"

"काय फासलं हे?"

"खोबरेल अन् कापूर. तोंडाले खरूज दिसली म्हणून..."

"अवं, नाकं बुजली त्याची! आण इकडं."

बाईंनी कापसाच्या बोळ्यानं तेल टिपलं, नाकपुड्या मोकळ्या केल्या. मग हात थांबला. बाटली कपाटात होती. कपाट उघडलं की सगळंच उघडं पडणार होतं. निळूचं काळीज त्यांच्या तळहातावर इतकं जोरात आपटत होतं की बोटं हलत होती.

त्यांनी कपाट उघडलं. मानेवरची पिसं फुंकली. एक थेंब.

अन्नपूर्णा बाटलीकडे पाहत होती. "हे तुमच्याजवळ कुठून?"

"हळद्याले झालतं."

"कवा?"

"एप्रिलात."

"म्हणून पिंजरा कोठीत नेला?"

"हो."

"अन् मले सांगतलं नाई."

"नाई."

"काऊन?"

वर्गात खोटं पकडल्यावर पोरं जशी फरशीकडे पाहतात, तशा बाई पाहत राहिल्या.

"तो बोलते म्हणून."

अन्नपूर्णानं निळूला पुन्हा पदरात घेतलं.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "मले म्हटलं असतं तं मी त्याले खालीच ठेवला असता. तुमच्याचजवळ." तिनं डोळे पुसले. "पुढचा थेंब कवा?"

"चौदा दिवसांनी."

"तुम्हीच टाकजा. माह्या हातून नाई होणार."

बाई शिव्यांची वाट पाहत होत्या. नवऱ्याला सांगेल, महिनाभर बोलणार नाही, असं काहीतरी. संध्याकाळी जिन्यात अन्नपूर्णाचा आवाज आला. ती शेजारणीला सांगत होती, "मरतच होता. आमच्या बाईनं वाचवला." बस, तेवढंच. कोठीचं, एप्रिलचं, एक अक्षर नाही.

बाई दाराआड उभ्या होत्या.

"पाहा," त्या प्रभाकररावांना म्हणाल्या, "माफ करनं बी तिलेच जमते."

प्रभाकररावांना काही कळलं नाही. बाईंनी कॅलेंडरवर चौदा दिवसांनंतरच्या तारखेभोवती गोल केला.