लिफ्टमधली शिरगणती

बहारीनमध्ये माणसं किती राहतात ते सरकारला ठाऊक असेल, पण कुठला माणूस कुठून आलाय हे या अख्ख्या बेटावर एकाच इसमाला कळतं, असं आमच्या तळमजल्यावरच्या काकांचं ठाम मत होतं, आणि तो इसम म्हणजे अर्थातच ते स्वतः. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. सीफच्या काचेच्या इमारतींपासून ते सनाबिसमधल्या तीन मजली घरांपर्यंत, जिथे म्हणून लिफ्ट अडायची तिथे काका पाना-पक्कड घेऊन हजर. ज्या देशात निम्म्याहून अधिक माणसं बाहेरून आलेली, तिथे आयुष्यभर लिफ्टमध्ये उभं राहिलेल्या माणसाला दुसरा कसला छंद लागणार? काका माणसं ओळखायचे. म्हणजे स्वभाव वगैरे नव्हे हो, त्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. देश ओळखायचे. माणूस लिफ्टमध्ये शिरला, वळला आणि उभा राहिला की काकांचा निकाल तयार.

त्यांचं सगळं शास्त्र मला माहूजच्या आमच्या इमारतीत, बंद लिफ्टशेजारी उभं राहून ऐकायला मिळालं. बंद अशासाठी की लिफ्टवाले काका ज्या इमारतीत राहत तिथली लिफ्ट महिन्यातले निम्मे दिवस बंद असे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी एकदा तसं बोललो तर म्हणाले, "डाक्टराच्या घराकडली माणसा आजारी पडणत नाय काय?" काका मूळचे देवगडकडचे, आणि कामावर हिंदी, इंग्रजी, मोडकं अरबी असं सगळं बोलत असले तरी माझ्याशी मालवणीच बोलायचे. मी पुण्याचा, बँकेत हिशेब बघणारा. मला निम्मं कळायचं आणि उरलेलं निम्मं माझ्याबद्दल असायचं.

तर शास्त्र असं. लिफ्टमध्ये शिरताना आतल्या अनोळखी माणसांनाही जो मनापासून सलाम करतो तो इथलाच, बहारीनी, घरंदाज. जो दार हाताने अडवून धरतो आणि ज्याच्यामागून मग बायको, मुलं, मेहुणी, मुलांची सायकल असं सगळं खटलं सावकाश आत येतं, तो इजिप्तचा. किती माणसांची परवानगी आहे ती पाटी आधी वाचतो आणि मग माणसं मोजतो, तो केरळचा. तिघी शिरल्या आणि दार लागायच्या आत काहीतरी आठवून हसायला लागल्या, तर फिलिपिन्सच्या. दरवाजाकडे तोंड करून श्वास रोखल्यासारखा उभा राहतो तो गोरा. "आणि पुणेकर?" मी आपलं विचारलं. काका म्हणाले, "पेटलेला बटन परत दाबता तो पुणेकार. दुसऱ्यान दाबलला तेका चलणा नाय." तेव्हापासून पेटलेल्या बटनाकडे माझं बोट जातं आणि अर्ध्यातून परत येतं.

एक मात्र होतं. इथल्या लोकांत कोण कुठल्या पंथाचा, कुणाचे पूर्वज इराणातून आले आणि कुणाचे अरबस्तानातून, यात काका कधी शिरले नाहीत. आमच्या मराठी मंडळींतल्या एका उत्साही इंजिनियरने एकदा तो विषय काढला, तर काकांनी त्याला तिथेच गप्प केलं. म्हणाले, "पावण्यान घरातली भांडी मोजू नयेत. आपण पावणे. पावण्यांची गणती करूची, ती बस." रमजानात कुणाचा रोजा असो नसो, काका दिवसभर कुणासमोर पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. पाच वाजल्यापासून मात्र घड्याळाकडे बघत बसायचे, आणि इफ्तारला पहिला खजूर उचलण्यात इमारतीत त्यांचा हात कुणी धरत नसे.

त्यांचा आणखी एक सिद्धांत होता, तो ऐकून मी आधी हसलो होतो. "ह्या देशात परदेशी म्हातारो दाखव माका. गावूचो नाय! तरणे येतत, बाप होतत, आणि आजो व्हायच्या आधी परत जातत. केस पांढरे झाले की व्हिसा काळो पडता." मी आजूबाजूला पाहिलं आणि खरंच की हो, आमच्या इमारतीत इतक्या देशांची माणसं, पण काठी टेकत चालणारा एकही नाही. याच कारणाने काका केसांना आणि मिशीला असा काही काळाभोर कलप लावत, की ऑगस्टच्या उन्हात तो कानामागून ओघळून शर्टाच्या कॉलरवर उतरायचा. साठी केव्हाच उलटली होती, हे कॉलर बघून सगळ्यांना कळायचं. फक्त कंपनीला कळू नये एवढीच काकांची धडपड.

आता एवढा जाणकार माणूस, पण त्याची स्वतःची एक इच्छा काही पुरी होत नव्हती. रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरीवाले भेटत, साताऱ्याच्यांचा तर आख्खा क्रिकेटचा संघ होता, पण काकांच्या गावचा एकही माणूस त्यांना या देशात कधी सापडला नव्हता. गाव लहान, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही काठांना मिळून मूठभर घरं. तरी काका आशा सोडत नसत. लिफ्टमध्ये कुणी जरा मासे खाणारा वाटला की यांचे कान टवकारलेच. एरवी ते चालून जायचं, कारण दरवर्षी चतुर्थीला काका सुट्टी टाकून गावी जात. घरच्या गणपतीला गाऱ्हाणं घालण्याचा मान घरातला थोरला म्हणून त्यांचा होता.

त्या वर्षी मात्र त्यांच्या जोडीचा मेकॅनिक अचानक नोकरी सोडून गेला आणि कंपनीने काकांची सुट्टी अडवली. व्हिसाही पुढल्या वर्षी संपत होता, त्यामुळे भांडण काढायची सोय नव्हती. काका आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. समोर ठेवलेल्या चहावर साय धरली तरी हात लावेनात. "भाव फोन करता," ते म्हणाले, "दादा, तू नाय इलस तर गाऱ्हाणा कोण घालतलो? ह्या घरात असा कधी झाला नाय." माझी बायको साताऱ्याची, तिचा निर्णय झटपट असतो. ती म्हणाली, "काका, मग इथेच बसवू या की गणपती! आमच्या घरात. तुम्ही घाला गाऱ्हाणं. देवाला काय, इथूनही ऐकू जाईल."

काकांचा चेहरा क्षणभर खुलला आणि लगेच पडला. गाऱ्हाणं म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे, हे मला तेव्हा कळलं. एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" असा खणखणीत होकार भरायचा. होकार नसेल तर गाऱ्हाणं लागू होत नाही. आणि होकार देणाऱ्यांत गावचा एक तरी माणूस हवाच, असा काकांचा हट्ट. "परक्याच्या होकाराक देव विचारणा नाय. देवाक वळख लागता." मी म्हटलं, "मी भरतो ना होकार." त्यांनी माझी चाचणी घेतली. मी म्हणालो, "होय महाराजा." काका माझ्याकडे बघतच राहिले. "होकार देतंस काय चेकावर सही करतंस?"

मग पुढचे आठ-दहा दिवस काकांनी अख्खं बहारीन पालथं घातलं. अराद म्हणू नका, सनाबिस म्हणू नका, लिफ्ट चालू असो की बंद, काका आत उभे. मासळीबाजारात बांगडा निवडणाऱ्यांच्या मागे ते उभे राहून ऐकत. एका गृहस्थाकडे त्यांनी थेट मालवणीत गावच्या देवळाची चौकशी केली, तर तो मंगळूरचा निघाला आणि घाबरून बांगडे तिथेच टाकून गेला. आमच्या जिन्यात त्यांना रोज भेटायचे ते पाचव्या मजल्यावरचे चाचा, पण त्यांच्याकडे बघायचं काही कारण नव्हतं. चाचा शिंपी. मेंदी लावलेली दाढी, अंगात घोळदार पठाणी, राहायला दुकानातल्या पाकिस्तानी कारागिरांबरोबर. "मुलतानचो," काकांचा निकाल फार पूर्वीच लागला होता. "हात बांधून कोपऱ्यात उभो रवता. डोंगरातलो माणूस." मी म्हटलं, "मुलतानला डोंगर नाहीत हो काका." तर मलाच म्हणाले, "तू गेल्लंस?" दोघांचं बोलणं कायम ठरलेलं. चाचा विचारायचे, "भाईसाब, लिफ्ट चालू है?" आणि काका सांगायचे, "अभी होयेंगा, इन्शाल्ला."

चतुर्थी उजाडली तरी गाववाला काही मिळाला नाही. कुणाच्या तरी हँडबॅगेतून आलेली वीतभर मूर्ती आमच्या टीव्हीच्या टेबलावर बसली. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळं घरातल्या घरात, ढोल नाही की ताशा नाही. चार इंजिनियर, त्यांच्या बायका, शेजारचं केरळी जोडपं, आणि मराठी समजणारी पण इंग्रजीत उत्तरं देणारी आमची कार्टी. मोदकांच्या वाफेने एसीने मान टाकली, म्हणून बायकोने जिन्याचं दार सताड उघडलं. काका धोतर नेसून, नारळ घेऊन उभे राहिले. मिशीचा कलप ताजा होता, चेहरा मात्र पार उतरलेला. बायको म्हणाली, "काका, जरा हळू हं, वर-खाली माणसं आहेत." काका म्हणाले, "हळू घातलेला गाऱ्हाणा देवाक पोचणा नाय, बाय."

"बा देवा गणराया, म्हाराजा! गाव सोडून, दर्या वलांडून तुझी लेकरा आज हय जमली हत, म्हाराजा!"

"होय महाराजा," आम्ही म्हणालो. कुणी आधी, कुणी नंतर. माझा मुलगा "येस महाराजा" म्हणाला. काकांनी डोळे मिटून घेतले.

"रवळनाथा, सातेरी माये, शिवेवरच्या देवचारा, व्हाळापलीकडच्या पीरबाबा, सगळ्यांनी कान देवन आयका, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जिन्यातून. पहाडी आवाजात, नेमक्या ठेक्यात, शेवटचा "जा" लांबवून. आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. दारात चाचा उभे होते, गळ्यात टेप, हातात कपड्यांचं बोचकं, पाच मजले चढायचे म्हणून निम्म्यावर दम खायला थांबलेले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. पण घातलेलं गाऱ्हाणं मधे तोडायचं नसतं.

"काय चूकभूल झाली असात ती पायाखाली घाल, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "ह्या इमारतीत बारा मुलखाची माणसा रवतत, तेंका सुखी ठेव, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मागोमाग कलपही. "आणि फुडल्या चतुर्थेक माका माझ्या घराक ने रे, म्हाराजा!" चाचांनी डोळे पुसले आणि सगळ्यांत मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला आणि काका धावून गेले. मला वाटलं मिठी मारतायत, पण त्यांनी चाचांचा खांदा धरून गदागदा हलवला. "मेल्या, इतकी वर्सा माझ्याशी हिंदीत कित्याक बोललंस?"

चाचा म्हणाले, "तुमी तरी खय मालवणीत बोललात? लुंगी, मिशी, डोक्याक खोबऱ्याचा तेल. माका वाटला तुमी केरळचे!"

शेजारचे केरळी गृहस्थ आपल्या मिशीला हात लावून बघू लागले. आणि मग उलगडा झाला तो असा, की चाचा काकांच्याच गावचे, व्हाळाच्या पलीकडच्या मोहल्ल्यातले. लहानपणी देवळाबाहेर उभे राहून गाऱ्हाण्याला होकार भरायचे, कारण जो पोरगा सगळ्यांत मोठ्याने ओरडेल त्याला खोबऱ्याचा मोठा तुकडा मिळायचा. तरुणपणीच गाव सोडलं, पठाणी शिवता शिवता अंगात आली, आणि दुकानातल्या उर्दूत सगळं मुरून गेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बायकोने चाचांना पानावर बसवून सात मोदक वाढले. ते दोघं मग आमच्या बाल्कनीत बसून, कोणाची गाय कोणाच्या वाफ्यात शिरली होती यावर संध्याकाळपर्यंत भांडले.

त्यानंतर वर्षभर ते दोघं जिन्यातच बसलेली दिसायची. लिफ्ट बंदच असे, पण आता कुणाची काही तक्रार नव्हती. आणि देवाने गाऱ्हाणं ऐकलं हो, जरा जास्तच ऐकलं. पुढल्या चतुर्थीच्या आधी कंपनीने काकांचा व्हिसा वाढवला नाही. काका घरी गेले, ते कायमचेच. विमानतळावर निघताना त्यांनी कलप लावला नव्हता. इतक्या वर्षांत या देशात मला दिसलेला तो पहिला परदेशी म्हातारा, आणि तोही परत चाललेला.

आता चतुर्थीला काका गावाहून चाचांच्या दुकानात फोन लावतात. चाचा मशीन थांबवतात, फोन कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवतात आणि उभे राहतात. पलीकडून गाऱ्हाणं सुरू झालं की यांचा होकार, आणि गेल्या वर्षापासून त्यांच्यामागे मुलतान आणि सियालकोटच्या कारागिरांचाही, "वोय म्हाराजा!" मी भीत भीत काकांना विचारलं, परक्यांचा होकार चालतो का म्हणून. काका म्हणाले, "परके खयचे? चाचाच्या खोलीत रवतत मां? मग गाववालेच."

फोन ठेवण्याआधी काका एक प्रश्न न चुकता विचारतात. "लिफ्ट चालता?"

नवा मेकॅनिक आल्यापासून आमची लिफ्ट एकदाही बंद पडलेली नाही. चाचा रोज तिनेच वर जातात, कोपऱ्यात, हात बांधून.

"नाय ओ," चाचा सांगतात. "तुमी गेलात तशी बंदच हा."

"माका म्हायत हुताच," काका म्हणतात, आणि समाधानाने फोन ठेवतात.