दत्ताभाऊंची गाडी सरळ लागायची

दत्ताभाऊ गेल्याचा फोन मुग्धाचा आला. मुग्धा म्हणजे माझी मुलगी, नोकरीला पुण्यात. आणि दत्ताभाऊ माझे साडू, राहायला खारघरला, पनवेलच्या आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. "बाबा, काका गेले," म्हणून ती रडू लागली. मी धीर दिला खरा, पण मनात पहिल्यांदा आलं ते हे, की अर्ध्या तासावरची बातमी पुण्याला आधी कशी पोहोचली? माणूस जातो, साडूपणा जात नाही.

हे नातंच मुळात तुलनेसाठी असतं. सासूबाई होत्या तोवर जिताडा माशाचा डोक्याकडचा तुकडा दत्ताभाऊंच्या ताटात पडायचा आणि शेपटी माझ्या. तीस वर्षं त्यांनी अलिबागच्या रस्त्यावर लाल बस चालवली, कुणाला साधं खरचटलं नाही. माझी मजल सायकलपुढे गेली नाही. तेही मी पचवलं होतं. पचलं नाही ते पुढचं.

मुग्धा कॉलेजात असताना अभ्यासासाठी म्हणून कॉम्प्युटर घेतला आणि तिनं त्यात गाड्यांचा गेम घातला. भलं मोठं शहर, वाटेल त्या गल्लीत घुसा, वाटेल त्याला ठोका. मग मागे पोलीस लागणार आणि आपण पळायचं. नुकतेच रिटायर झालेले दत्ताभाऊ एका रविवारी सहज बसले, ते दर रविवारी येऊ लागले. माझ्याशी 'हो', 'नाही', 'जेवले' एवढंच बोलणारी माझी मुलगी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून "काका, डावीकडे, डावीकडे" करायची. मागे सहा-सहा पोलीसगाड्या आणि हा माणूस काचा फोडत, कुंपणं तोडत, फुटपाथवरून... चेहरा मात्र खिंड उतरतानाचा, शांत.

मग मीही चोरून शिकलो. ती कॉलेजला गेली की बसायचो. पण माझ्यामागे पोलीस लागतच नसत. शेवटी एका रविवारी लाज सोडून मुग्धाला दाखवलं, तर ती हसून हसून खाली बसली. "बाबा, तू सिग्नलला थांबतोयस." दत्ताभाऊ हसले नाहीत, हे जास्त झोंबलं. मी जरा कुजकटपणेच विचारलं, की जन्मभर नियमानं गाडी चालवलीत आणि आता हे कसलं वेड? ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "सुरेशराव, तीस वर्षं मागे पन्नास माणसं बसलेली असायची. इथं मागे फक्त पोलीस..." म्हणजे याचंही उत्तर होतं त्यांच्याकडे.

उठण्याआधी मात्र ते एक करायचे. ती चेचलेली गाडी हळूच नदीकाठच्या रस्त्याला आणायचे, फुटपाथला लागून अगदी रेषेत उभी करायचे, आणि त्यांचा डावा हात तिथं नसलेल्या हँडब्रेककडे जायचा. त्या गेममध्ये गाडी नीट लावली काय, न लावली काय, सारखंच. पण पुढच्या रविवारी उघडावं तर गाडी तिथेच, तशीच सरळ.

तेरावं झाल्यावर मुग्धा दोन दिवस राहिली. जुना कॉम्प्युटर चालू केला तर 'काका' या नावाखाली गाडी नदीकाठी उभी होती. मी खुर्चीत बसलो आणि मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. "चल बाबा, तोड सिग्नल." तोडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामागे सायरन वाजला... आणि पेन्शन, गुडघे, शेपटीचे तुकडे, सगळं विसरलो. मिनिटभरात पकडला गेलो, ते सोडा. नंतर गाडी जागेवर लावायला गेलो तर तिरकी. दहादा मागेपुढे केली, तिरकीच. "काकांची सरळ लागायची," मुग्धा म्हणाली.

आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. आईला नव्हे, मला. विचारते, "लागली का सरळ?" मी म्हणतो, नाही गं, मला कसली जमतेय...

खरं म्हणजे गेल्या मंगळवारी लागली होती. अगदी दत्ताभाऊंसारखी, रेषेत. जरा वेळ बघत बसलो, आणि फोन यायच्या आत पुन्हा तिरकी करून ठेवली.