रुईफुली टायर आणि पिवळं बोट

टायरच्या दुकानामागं जुने टायर कसे साचत्यात, बघितलंय का कधी? टाकून देववत न्हाईत आणि ठिवायला जागा न्हाय. एकावर एक चढत जात्यात. किश्शांचं बी तसंच हाय बघा. एक काढायला जावं तर वरचे चार घरंगळत पायावर येत्यात.

भूमला सोनारीच्या रस्त्यावर आमचं टायरचं दुकान हाय. लेक ट्रकवर असतो, आज गुजरातेत तर उद्या कर्नाटकात. दुकान चालवती माझी सून, सुनंदा. दारात बाजंवर मी. समोर लिंबाखाली गाड्यांचा स्टँड. काळभैरवाच्या दर्शनाला माणसं न्यायची आणि आणायची, हा त्यांचा धंदा.

स्टँडवरची दोन माणसं आधी वळखून ठिवा. एक रफिक. हसल्याबिगर त्याची गाडी सुरूच व्हत न्हाय. दुसरे बापूराव, स्टँडवरचे सगळ्यात जुने डायव्हर. टोपी कडक, गाडी आरशावानी लख्ख, आणि गाडीला बाईमाणसाचा हात लागू द्यायचा न्हाय हा त्यांचा कायदा. हवासुद्धा गावाबाहेरच्या पंपावर जाऊन भरायचे. आमची हवेची नळी त्यांच्या गाडीसमोर लोंबकळत असायची, तरी!

*

आता टायरांच्या नावाचं सांगते.

मला वाचता येत न्हाय. दुकानात पाच-सहा कंपन्यांचा माल. सुनंदा जेवायला गेली आणि गिऱ्हाईक आलं तर म्या कसं वळखायचं? म्या नक्षी बघितली. टायरवर नक्षी असतीच की, लुगड्याच्या काठावानी! मग एकाला म्या नाव दिलं करवतकाठी, एकाला नारळी, आणि बारीक फुलाफुलाचा व्हता त्याला रुईफुली.

वर्षभरात अख्खा स्टँड तीच नावं घ्यायला लागला. मिशावाले बाप्ये येऊन सांगायचे, "आज्जी, मागच्या चाकांना करवतकाठी द्या!"

एकदा कंपनीचा साहेब आला. गळ्यात पट्टा, हातात बॅग. म्हणला, "ताई, तुमच्या भागात आमच्या टायरचं नावच कुणी घेत नाही. काय कारण?"

तेवढ्यात रफिक आला. "भाभी, रुईफुली दोन!"

सुनंदानं आतून टायर आणला. साहेब उडालाच. "अहो, हा तर आमचाच!"

म्या म्हणलं, "तुमचा तिकडं कारखान्यात. हितं आला की रुईफुली."

साहेब लई हसला, चहा पिऊन गेला. पण गंमत म्होरं हाय. दिवाळीनंतर सुनंदाच्या मोबाइलवर त्याचा फोटो आला, नव्या टायरचा. खाली लिहिलं व्हतं, 'आज्जींना विचारा, याला काय म्हणायचं!'

*

उन्हाळ्यात आमच्याकडं टायराची खरी परीक्षा. चैतात सोनारीची जत्रा. डांबर असं तापतं की चप्पल चिकटावी. गाड्या फेरी मारून आल्या की मी बाजंवरून उठून एकेका टायराला हात लावत जायची. तव्याला हात न लावता भाकरीची वेळ कळती, मग ह्याला तर हात लावायचा व्हता. करवतकाठी ब्रेकला पक्का, पण उन्हात लवकर झिजतो. नारळी मऊ चालतो, खड्डा कळत न्हाय, पण तापला की त्याचे गाल चिरत्यात. रुईफुली मात्र शहाणा. सगळ्यात आधी गार व्हणार!

आणि हे डायव्हर काय करायचे? ऊन वाढलं की टायरातली हवा सोडायचे. का, तर "गरम हवा फुगती, टायर फुटंल!"

सुनंदानं रफिकला रंगेहात पकडलं. पिनंनं फुस्स फुस्स चाललं व्हतं.

"रफिकभाई, बंद करा ते! हवा कमी झाली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो. रिकाम्या पोटी ओझं उचलता का तुमी?"

रफिक म्हणला, "रोजे में उठाता ना, भाभी!"

"मग दुपारी काय व्हतं?"

"चक्कर आती है."

"टायरला बी येती!"

स्टँडवर एकच हशा पिकला. त्या दिवसापासनं सकाळी गार टायरात हवा तपासायला आमच्या दुकानासमोर रांग लागायला लागली. बापूराव सोडून! ते पंपावर.

*

आता माझ्या बोटाचं.

नवी वस्तू घरात आली की हळद लावायची, ही माझी सवय. नवा टायर रिमवर चढवायच्या आधी मी आतल्या बाजूला हळदीचं बोट ओढायची. सुनंदा म्हणली, "आत्याबाई, आत लावल्यावर कुणाला दिसणार?"

म्या म्हणलं, "काळभैरवाला दिसतं की!"

पण हळद काय टिकंना. पंक्चर काढायला टायर उघडला की पुसलेलीच. मला लई वाईट वाटायचं. मग सुनंदानंच एक दिवस पिवळ्या ऑइल पेंटचा डबा आणून बाजंखाली ठिवला. "घ्या, आता कशी जाती बघू!"

तवापासनं आमच्या दुकानातला एकबी टायर माझ्या बोटाबिगर रिमवर चढला न्हाय. टायर चढला की ते बोट कुणालाच दिसत न्हाय. म्या बी कधी कुणाला सांगितलं न्हाय. देवाचं काम बोलून दाखवायचं नसतं. रफिकला तेवढं ठावं व्हतं, कारण त्याच्या सदऱ्याला एकदा तो रंग लागला व्हता.

*

मागच्या जत्रेतली गोष्ट. बापूरावांनी बार्शीच्या मोठ्या दुकानातून रुईफुलीच आणला व्हता. "माल तोच, पण तिथं मशीनवर बसवत्यात," असं सगळ्यांना सांगत फिरायचे. आमच्याकडं पण बॅलन्सिंगची मशीन हाय, पण ती चालवणारी बाई हाय ना!

भर दुपारी सोनारीच्या अलीकडं त्यांचा म्होरचा टायर गेला. गाडीत म्हाताऱ्या बाया, लेकरं. झाड न्हाय, झुडूप न्हाय. स्टेपनी काढली तर तीबी बसलेली! मागनं गाडी घिऊन आलेल्या रफिकनं फोन केला, तशी सुनंदा स्कूटीवर जॅक आणि हवा मारायचं छोटं मशीन घेऊन निघाली.

तिनं स्टेपनीत हवा भरली, पदर खोचून चाक बदललं. बापूराव छत्री घेऊन उभे. छत्री स्वतःवर न्हाय बरं का, टायरावर! आणि तोंडानं काय म्हणले? आभार? न्हाय.

"नट घट्ट बसल्यात ना?"

सुनंदानं पाना त्यांच्या हातात दिला. "बघा की तुमीच, बापूकाका."

बापूरावांनी लई जोर लावला. नट हलला न्हाय. गाडीतली एक म्हातारी म्हणली, "भाऊ, आता पोरीनं बसवलंय ते काढू नगासा. देवाला उशीर व्हतोय!"

*

ह्या शिमग्यानंतर मात्र गोष्ट टोकाला गेली.

आमच्या स्टँडची एक रीत हाय. उन्हाळा सरला, मिरग तोंडावर आला की समदे डायव्हर गाडीला स्टेपनी लावून, आपला म्होरचा एकेक टायर रिमवरनं काढून, धुवून, आमच्या भिंतीला वळीनं उभा करत्यात. त्याला टायरांची पंगत म्हणत्यात. उन्हाळ्यात कुणाचा टायर कसा टिकला, ते पंच बघतो. जिंकला त्याला हार आणि नारळ. आणि जिंकलेला टायर ज्या दुकानाचा, म्होरल्या साली अख्खा स्टँड त्याच दुकानातून घेणार. पंच मी. का, तर मला कंपनीचं नाव वाचता येत न्हाय!

ह्या साली बापूरावांनी स्टँडवर उभं राहून सांगितलं, "ह्यावेळी समद्यांनी रुईफुलीच घाला. निम्मे हितनं घ्या, निम्मे बार्शीवरनं. कुणाच्या हातात कसब हाय ते पंगतीत दिसंल. मी तर बार्शीचाच घालणार!"

म्हंजे सरळ सुनंदाच्या हाताची परीक्षा. हरली तर स्टँड बार्शीला जाणार, आणि स्टँड गेल्यावर आमच्या दुकानात उरणार कोण? मी आणि माझी बाज!

एक जण म्हणला, "पण पंच तर सासूच हाय. सून जिंकणारच!"

रफिक म्हणला, "अरे बाबा, सासू पंच असल्यावर सून जिंकंल कशी?"

*

त्याच आठवड्यात एक अनोळखी पाव्हणा आला. टेम्पोतून पोत्यात गुंडाळून चार रिम आणले. नुसते रिम! गाडी न्हाय.

सुनंदा म्हणली, "गाडी कुठाय, दादा? गाडी असली म्हंजे अलाइनमेंट बी बघते."

पाव्हणा इकडंतिकडं बघत म्हणला, "गाडी घरीच हाय. तुमी रुईफुली चढवा आणि बॅलन्स करून द्या."

म्या म्हणलं, "नवरी घरी ठिवून नुसत्या बांगड्याच घिऊन आलात व्हय?"

तो लाजला. "काय सांगू आज्जी, घरचं माणूस लई मानी हाय."

म्या चारी टायरांत पिवळं बोट ओढलं. सुनंदानं मन लावून काम केलं. जाताना तिनं त्याला बजावलं, "तुमच्या मानी माणसाला सांगा, हवा सकाळी तपासायची. गार टायरात."

*

मिरगाच्या आदल्या रविवारी पंगत बसली.

टायर लावताना मी भिंतीकडं पाठ करून बसले. कुठला कुणाचा, मला काय ठावं? समदे रुईफुली, समदे धुतलेले, खडूनं आकडे टाकलेले. सुनंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी व्हती. हातातलं फडकं तिनं इतकं पिळलं व्हतं की फाटायचंच बाकी.

मी पहिल्या टायरापासनं हात फिरवत निघाले. वरून नक्षी, कडंनं गाल. आत बघायचं न्हाय, ही रीत. एकाची नक्षी मधीच गुळगुळीत झालेली. हवा जास्त भरली ह्यानं! दुसरा दोन्ही कडंनं खाल्लेला, म्हंजे कमी हवेवर पळवलेला. एकाच्या गालावर चिरा.

आणि एकापाशी हात थांबला. नक्षी सगळीकडं सारखी. गाल तुकतुकीत. उन्हाळाभर सोनारीच्या फेऱ्या मारलेला टायर, पण जणू सावलीतच ठिवलेला! म्या दोनदा हात फिरवला. सुनंदाकडं बघितलं न्हाय. बघितलं असतं तर माझंच काळीज हललं असतं.

म्या म्हणलं, "हा!"

रफिकनं आकडा वाचला आणि त्याचं हसणं एकदम बंद पडलं.

"बापूरावांचा."

"बार्शी! बार्शी!" मागनं दोघा-तिघांनी आवाज केला. कुणी टाळ्या वाजवल्या. सुनंदानं फडकं खांद्यावर टाकलं, पदर नीट केला आणि स्वतः हार घिऊन म्होरं आली. "बापूकाका, लई चांगला राखला टायर," म्हणली. आवाज जरा बी कापला न्हाय. माझी सून हाय ती!

बापूराव नारळाकडं बघंनात, हाराकडं बघंनात. टोपी काढली, परत घातली. "हार राहू द्या," म्हणले. "हाराचं काय काम हाय?"

"असं कसं, काका? रीत हाय," म्हणत रफिकनं हार घालायला टायर दोन्ही हातांनी उचलला. ऊन सरळ टायराच्या आत पडलं.

आत पिवळं बोट!

रफिकनं टायर तसाच फिरवून समद्यांना दाखवला. आणि माझ्या बाजंखालच्या डब्याकडं बघितलं. मग समद्यांनी बघितलं. डबा उघडाच व्हता, सकाळीच एक टायर चढवला व्हता. माझं बोट बी पिवळंच व्हतं.

मला ते पोत्यात गुंडाळलेले चार रिम आठवले. बापूराव उठले. गाडीत बसले. गाडी सुरू केली. समद्यांना वाटलं, निघाले घरी.

गाडी वळली, हळूहळू आमच्या दुकानासमोर आली आणि हवेच्या नळीपाशी थांबली. बापूरावांनी काच खाली केली. नजर समोर रस्त्यावर.

"सुनबाई," ते म्हणले, "जरा हवा बघा."