बारा बोल्टांचा आकडा

जेवण झाल्यावर शिवाप्पा लोहार शेडमध्येच, इंजिनाच्या स्टँडशेजारी पोतं टाकून आडवा होतो. पत्र्यावर दुपारचं ऊन तडतडतंय. डोळे मिटले तरी दोन आकडे समोरून हलत नाहीत. ऐंशी आणि पंच्याण्णव.

इंजिन जोतिबाच्या ट्रकचं आहे, पुढं लांब नाक असलेल्या जुन्या ट्रकचं. पिस्टनला क्रँकशी जोडणारे सहा रॉड, त्यांचे बारा बोल्ट. ते किती जोरानं आवळायचे हे कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं, पण नेमकं तेच पान तेलानं कुजून गेलंय. शिवाप्पाला आठवतं ऐंशी. गडहिंग्लजचा म्हातारा मिस्त्री फोनवर पंच्याण्णव म्हणाला. कमी आवळला तर बोल्ट सुटतो, जास्त आवळला तर ताणून तुटतो.

बावीस वर्षांपूर्वी याच ट्रकचा असाच एक बोल्ट तुटला होता. घाट चढताना रॉड इंजिन फोडून बाहेर आला, ट्रक मागं सरकायला लागला, आणि चाकामागं दगड लावायला उतरलेला जोतिबा त्याच चाकाखाली गेला. ते इंजिन शिवाप्पानंच बांधलेलं होतं. जोतिबा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. लोक म्हणाले, माल जास्त भरला असणार. शिवाप्पा काही बोलला नाही.

आता जोतिबाची लेक सारिका, जी दुधाची पिकअप चालवते, हाच ट्रक घेऊन शुक्रवारी तोच घाट चढणार आहे. शुक्रवारी बापाला जाऊन बावीस वर्षं होतात.

पत्र्याचा आवाज बारीक होत जातो. कुणीतरी पान्यांच्या पेटीत हात घालून खडखडवतंय.

"चौदाचा कुठं ठेवलास रं?"

जोतिबा पेटीपाशी उकिडवा बसलाय. खाकी शर्ट, कानावर बिडी. वय तेच, छत्तीस. शिवाप्पाला नवल वाटत नाही. तो नुसता आपल्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवतो.

"थकलास तू," जोतिबा म्हणतो.

"बावीस वर्षं झाली."

"इतकी?" जोतिबा पेटीचं झाकण लावतो. "मला वाटलं, आत्ताच उतरलोय."

"जोत्या, आकडा किती होता?"

"चल, विचारू."

एस.टी. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीपुढं दोघं उभे आहेत. बाकड्यांवर माणसं बसलीत, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पिस्टन आहे, लेकरू निजवावं तसा. खिडकीतला माणूस पुस्तकाची पानं उलटतोय. पानं ओली आहेत, एकमेकांना चिकटून निघतात. मग भोंग्यातून गाडी लागल्यासारखा आवाज येतो, "ऐंशी." बाकड्यांवरचं कुणीच उठत नाही.

"ऐकलंस?" जोतिबा म्हणतो. "ऐंशीच. तू त्या दिवशी ऐंशीच दिलास. मी पान्याच्या काट्यावर बॅटरी धरून उभा होतो. आकडा बरोबरच होता."

बावीस वर्षं हे ऐकायला शिवाप्पा आसुसलेला. आता ऐकल्यावर त्याला वाटतं, आकडा चुकला असता तर बरं झालं असतं.

"मग तुटला कशानं?" तो विचारतो.

जोतिबा चालायला लागलाय. फरशी संपत नाही, पण पायांखाली डांबर लागतं. घाटाचं वळण. धुकं इतकं की वरचा कडा दिसत नाही. ट्रक नाक वर करून उभा आहे, केबिनमध्ये कुणी नाही. खालून काळं तेल उतारानं येतंय आणि शिवाप्पाच्या अनवाणी पायांना वळसा घालून जातंय. तेल कोमट आहे.

"कशानं तुटला ते तू सांग," जोतिबा म्हणतो. "बोल्ट नवे होते का?"

शिवाप्पा तेलातून पाय मागं घेतो.

"नव्हते," तो म्हणतो. "नवे यायला आठ दिवस लागणार होते. तुला बुधवारी निघायचं होतं. मी जुनेच धुऊन घातले. एकदा ताणलेले. तसला बोल्ट दुसऱ्यांदा तग धरत नाही."

"मला सांगितलंस?"

"नाही."

"माझ्या लेकीला?"

ट्रक बोटभर मागं सरकतो. जोतिबा वाकून रस्त्याकडेचा दगड उचलतो. शिवाप्पा त्याला अडवायला हात पुढं करतो, तर जोतिबाच त्याचं मनगट धरतो. पकड घट्ट आहे, बोटं तेलानं माखलेली.

"आणि आता कुठले आणलेस?"

"भंगारातल्या एका इंजिनाचे. नवे यायला तीन आठवडे लागतात. तिला शुक्रवारी निघायचंय."

बोलून झाल्यावर शिवाप्पाला स्वतःचं वाक्य ऐकू येतं. धुक्यात ते बराच वेळ फिरत राहतं.

"मला कुणी थांब म्हणालं असतं, तर मी थांबलो असतो रं शिवा," जोतिबा म्हणतो. राग नाही त्याच्या आवाजात. तो मनगट सोडतो आणि दगड घेऊन ट्रकच्या मागच्या बाजूला जातो. शिवाप्पाला हाक मारायची आहे, पण तोंडातून नुसता पत्र्याचा तडतडाट येतो.

"काका, चहा."

सारिका कप घेऊन उभी आहे. ऊन कलून शेडच्या दारापर्यंत आलंय. शिवाप्पा उठून बसतो.

"मनगटाला काय लागलंय?" ती विचारते.

तो बघतो. उजव्या मनगटाभोवती चार बोटं आणि एक अंगठा. काळं, जळकं तेल, त्यात रस्त्याची बारीक कच. शेडमधला इंजिनाचा एकेक भाग गेल्या आठवड्यात डिझेलनं धुऊन लखलखीत केलेला आहे. इंजिनात अजून तेलाचा थेंब पडलेला नाही.

"शुक्रवारी जायचं नाही, पोरी," तो म्हणतो. "नवे बोल्ट येईपर्यंत नाही."

"आकडा सापडला नाही का?"

"आकडा सापडला." तो चहाचा कप घेत नाही. "तुझ्या बापानं माल जास्त भरला नव्हता. जरा बस खाली."

सारिका बसत नाही. ती त्या पाच काळ्या खुणांकडं बघत उभी राहते, आणि शिवाप्पा पहिल्यापासून सांगायला लागतो.