सायलीचा खांदा

शेडकाका कुणालाही 'कसं काय' म्हणून विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "खांदा काय म्हणतो?" देवळात, वाण्याच्या दुकानात, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, भेटतील तिथे. रायफल क्लबातल्या मुलांना ही सवय माहीत होती. बाकीचे लोक गोंधळून आपल्या सांधेदुखीची कहाणी सुरू करत, आणि काका तीही निमूटपणे ऐकून घेत.

त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे. बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात तीस वर्षं टूलमेकर म्हणून काढून ते निवृत्त झाले आणि बागेतल्या लाकडी शेडमध्येच मुक्कामाला गेले म्हणा ना. दार वाजवलं की काकू आतूनच ओरडायच्या, "ते शेडमध्ये आहेत!" त्यावरून माझ्या लेकीनं, सायलीनं, त्यांचे शेडकाका केले. पुढे काकूही तेच म्हणायला लागल्या.

शेडमध्ये काका रिकाम्या पुंगळ्यांत दारू-गोळी घालून काडतुसं भरत, सगळं रीतसर, परवान्यानिशी. क्लबातले बाकीचे लोक स्वतःचा नेम सुधारावा म्हणून भरत. काका भरत ते मुलांसाठी. दुकानातल्या काडतुसाचा धक्का तेरा वर्षांच्या खांद्याला सोसत नाही. त्याची भीती एकदा बसली की पोर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतं. म्हणून गोळी हलकी आणि दारू कमी. "कमी म्हणजे अंदाजपंचे कमी नव्हे रे," ते मला बजावायचे. "फार कमी केलं तर तेही डेंजरस. भरणीच्या पुस्तकाच्या बाहेर जायचं नाही." पुस्तकात नसेल ते दारू बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहून विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत हात लावायचे नाहीत. वाऱ्यानं तराजूचा काटा हलतो म्हणून मोजताना दार बंद. काकूंना चहा बाहेर पायरीवर ठेवावा लागे.

त्यांची एक वही होती. प्रत्येक पानावर वजन, अंतर, गोळ्या किती जवळजवळ बसल्या, आणि उजवीकडे सगळ्यांत रुंद रकाना: 'पोर काय म्हणालं'. कागदावरची भोकं ते नंतर बघत. आधी पोराशेजारी गुडघे टेकून खांद्याची चौकशी. "ओके आहे, पण थोडा रागावला," हे सायलीचं पहिलं उत्तर त्यांनी जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. तिच्यासाठी एका हिवाळ्यात चार वेळा भरणी बदलली. चौथ्या वेळी ती म्हणाली, "काका, आता खांदा काहीच बोलत नाही." काका हसले. "मग आता तू सांगितल्याशिवाय मी एक कणही वाढवणार नाही. प्रॉमिस."

घाई मला होती. मुलांची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती आणि तिच्याच वयाचा एक मुलगा दुकानातली काडतुसं आरामात उडवत होता. त्याचा बाप हसत मला म्हणाला, "अजून बेबी लोड्स?" मला ते झोंबलं. आपली मुलगी कशातही मागे पडलेली मला खपायची नाही. काका तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये होते. मी काकांच्या अक्षरात 'सायली' लिहिलेला डबा उघडला, त्यांची काडतुसं काढून कपाटात कुलपात ठेवली आणि डब्यात दुकानातली भरली. तिला कळलंच नाही तर ती घाबरणार नाही, असा माझा शहाणपणा.

रेंजवर पहिल्याच गोळीला ती दचकली. दुसरीनंतर माझ्याकडे वळून बघितलं. तिच्या रायफलीचा नेम हलक्या भरणीला जुळवलेला, त्यामुळे गोळ्या वरच वर जायला लागल्या. एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाचवीनंतर तिनं काकांनी शिकवल्याप्रमाणे रायफल रिकामी करून खाली ठेवली. गाडीत म्हणाली, "शेडकाका खोटा बोलला. ही प्रॉमिस्ड." मी गाडी चालवत राहिलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

सायली पुन्हा रेंजवर आली नाही. महिन्याभरानं, क्लबातून सगळं कानावर आल्यावर, काका काठी टेकत घरी आले. तिनं त्यांना बघितलं आणि जिना चढून वर गेली. काका जिन्याकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "त्या दिवसाच्या पुंगळ्या दे बरं, भरताना माझं काही चुकलं का बघतो." मी म्हटलं, क्लबच्या बादलीत गेल्या चुकून. "आणि उरलेली काडतुसं?" "ती संपली, काका." ते चहा न घेताच गेले. त्यानंतर त्यांनी मुलांसाठी भरणं सोडलं. कुणी विचारलं तर "वय झालं" म्हणायचे, आणि मीही ते सोयीस्करपणे खरं मानलं.

काही वर्षांनी काका गेले. रायफली, दारू सगळं परवानाधारक दुकानदार घेऊन गेला. वही काकूंनी माझ्या हातात दिली. "तुझ्या सायलीचं पान शेवटचं आहे रे," म्हणाल्या. त्या पानावर लिहिलं होतं: 'वजन पुन्हा तपासलं, बरोबर. तराजू तपासला, बरोबर. नवा तराजू आणून पुन्हा तपासलं, बरोबर.' आणि रुंद रकान्यात: 'पोर काही म्हणाली नाही. चूक माझीच. कुठे झाली ते सापडत नाही. सापडेपर्यंत मुलांसाठी भरणं बंद.' पुढची सगळी पानं कोरी होती.

सायली युनिव्हर्सिटीतून सुट्टीला आली तेव्हा मी वही तिच्यापुढे ठेवली. तिला मराठी वाचता येत नाही. पानावर बोट ठेवून तिनं विचारलं, "बाबा, इथे काय लिहिलाय?" मी सगळं वाचून दाखवलं, आणि मग डब्यात मी काय भरलं होतं तेही सांगितलं. तिनं पुढची कोरी पानं उलटून बघितली.

"तू त्याला का नाही सांगितला, बाबा?" ती म्हणाली. "ही वॉज स्टिल लुकिंग."