अनंताला घातलेलं शिळं पाणी

पाणी कमी पडून झाड मरतं, यावर आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा अजिबात विश्वास नव्हता. त्यांच्या मते कोथरूडमधलं प्रत्येक झाड मालकाच्या प्रेमात बुडून मरत होतं. माझ्या बाबतीत त्या खऱ्या ठरल्या, हे आधीच कबूल करतो. बायकोनं तिच्या आईच्या दारातली फांदी आणून वाढवलेला अनंत मी मारला.

काकूंनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आमच्या जिन्यातली शांतता संपली. बिल्डिंगमधली निम्मी घरं तेव्हा आयटीवाल्यांची. सकाळी कंपनीच्या बसनं जायचं, रात्री परतायचं आणि दिवसभर झाडाकडे बघितलं नाही म्हणून त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. काकू जाता-येता कुणाच्याही दारातल्या कुंडीत बोट खुपसत, माती ओली लागली की बेल वाजवत आणि तेच बोट मालकाच्या नाकासमोर धरत. एकदा एका घरी लग्नाची बोलणी चालू असताना त्यांनी मनीप्लांट उचलून नेला. "तुमचं चालू द्या. हा तोवर जगणार नाही," एवढंच बोलल्या. असे पेशंट जेवणाच्या टेबलावर मुळं उघडी टाकून पसरलेले असत, आणि काका ताट मांडीवर घेऊन जेवत. सडक्या मुळांच्या कापांवर काकू दालचिनीची पूड लावत. त्यामुळे आपल्या घरचा मसालेभात कायम फिका असतो, अशी काकांची तक्रार होती.

बायको काही महिने अमेरिकेला ऑनसाइट गेली, तेव्हा अनंत माझ्याकडे आला. गुरुवारी पाणी यायचं नाही, म्हणून मी बुधवारी बादल्या भरून ठेवी. शुक्रवारी ताजं पाणी आलं की उरलेलं शिळं पाणी मोरीत ओतायला जीव होईना, ते अनंताला. पानं पिवळी पडली, तशी मला वाटलं याची तहान वाढली. शेवटी काकूंना बोलावलं. त्यांनी कुंडी आडवी केली. आत नुसता चिखल.

"शिळं पाणी झाडाला? मग पोळ्या शिळ्या झाल्या की कुणाला, मला आणून देणार?"

"काकू, वाया जाऊ नये म्हणून..."

"झाड गेलं ना वाया!"

तरी त्यांनी मुळं कापली, फांद्या छाटल्या, कुंडी आपल्याकडे सावलीत ठेवली. अनंत वाचला नाही. बायको परतली, ती बॅगा दारातच सोडून गॅलरीत गेली. "अनंत कुठाय?"

"काकूंनी नेऊन छाटला," मी म्हणालो. "मग गेला."

यात एक शब्द खोटा नव्हता, म्हणून तर जास्त लाज वाटते.

बायकोनं काकूंशी बोलणं टाकलं. त्या जिन्यात समोर आल्या की ती पर्समध्ये किल्ली शोधायची. काकूंनी कारण विचारलं नाही. फक्त आमच्या दारातल्या कुंड्यांत बोट खुपसणं थांबलं. वरच्या घराची बेल वाजे, शेजारची वाजे, आमची नाही. इतकं चुकल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग काका-काकू वारज्याला मुलाकडे राहायला जाणार असं कळलं. "बरं झालं," बायको जेवताना म्हणाली, "आता इथली झाडं तरी जगतील."

मी ताटावरून उठलो आणि तिला खाली घेऊन गेलो. काकूंनी दार उघडलं.

"काकू, अनंत मी मारला. तुम्ही वाचवायला नेला होतात. हिला मी अर्धंच सांगितलं. माझं चुकलं."

"मला काय सांगताय?" काकू म्हणाल्या. "मला माहीत आहे. तिला सांगा, फांदी तिच्या आईची होती."

मी बायकोकडे वळलो आणि बादल्यांपासून सगळं सांगितलं. शेवटी माफ कर म्हणालो.