कोष्टीपुऱ्यात लागलेली कायद्याची पोथी

यमुताई पांढरीपांडे भांडखोर होती, असं आमच्या महाल भागात अजून म्हणतात. म्हणोत बापडे. मी तिची धाकटी बहीण, मला ती तशीच आवडायची.

वकील मंडळींच्या कायदे-ग्रंथालयाची ती ग्रंथपाल. छप्पन साली नागपूरची राजधानी गेली, निम्मे वकील हायकोर्टामागे जबलपूरला गेले आणि उरलेल्यांनी ठरवलं की ग्रंथालयाला कुलूप घालावं. वाचकच नाहीत म्हणे. "वाचक नाहीत, की तुम्हाला चालत नाहीत?" असं ताईने सेक्रेटरी मधुसूदनरावांना तोंडावर विचारलं आणि त्याच दुपारी ती वाचक शोधायला विणकरांच्या वस्तीत, कोष्टीपुऱ्यात गेली.

तिथे वच्छलाबाई भेटली. नवरा वारलेला, घरात एक माग. दीर रोज ऐकवायचा, जिवंत आहेस तोवर राहा, मालकी आमची. आता तर तो तिला घराबाहेरच काढायला निघाला होता. ताई म्हणाली, "बायकांसाठी नवा कायदा आलाय. ग्रंथालयात ये."

"मले कुठं वाचता येते, बाई?"

"मी वाचते. तू ऐक."

कुणीतरी वाचायचं आणि आपण ऐकायचं, म्हणजे पोथी. वच्छलाबाईने गल्लीभर तसंच सांगितलं. गुरुवारी डोक्यावर पदर घेऊन बायका आल्या, चपला बाहेर काढल्या आणि वारसा कायद्यावर झेंडूची फुलं वाहिली. ताईने त्यांची चूक सुधारली नाही. पोथी मधूनच उघडत नसतात, म्हणून पहिल्या कलमापासून ती इंग्रजीचं मराठी करून सांगू लागली. मीही जाऊन बसायचे.

काही गुरुवार गेले आणि मधुसूदनराव कुलूप घेऊन आले. "हे ग्रंथालय आहे, देऊळ नाही. उठवा यांना." मला त्या माणसाचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

वच्छलाबाई मात्र शांतपणे म्हणाली, "उठता येत नाही, वकीलसाहेब. लावलेली पोथी अर्धी सोडली तं दोष लागते. तुमच्या घरी सोडतेत का?"

मधुसूदनरावांच्या घरी दर श्रावणात पोथी लागायची. त्यांनी कुलूप टेबलावर ठेवलं. ताईने तेवढ्यात चौदावं कलम काढलं. "बाईच्या ताब्यातलं घर बाईचं. जन्मापुरतं नाही, पूर्ण मालकीचं."

"पुन्हा वाचा, बाई."

ताईने पुन्हा वाचलं. मधुसूदनराव म्हणाले, "झालं ना? करा आता समाप्ती."

"समाप्ती माह्या घरी," वच्छलाबाई उठली. "दिराले आयकवाचं आहे."

"पुस्तक बाहेर नेता येणार नाही!"

"माझ्या नावावर टाका," ताई म्हणाली. "आणि नोकरीवरून काढायचं तर काढा."

वच्छलाबाईने तो जाडजूड ग्रंथ डोक्यावर घेतला. मागे कुलूप लागल्याचा आवाज आला. आमच्यापैकी कुणी वळून पाहिलं नाही.

कोष्टीपुऱ्यात दीर दारातच उभा होता. वच्छलाबाई त्याच्या बाजूने आत गेली, ग्रंथ मागावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "वाचा, बाई. माह्या घरात वाचा."